राजारामपुरीतील मासळीचे दुकान : अख्खा मासा उलटून पाहू देणारे

मटण पारखण्यात कोल्हापूरकर कुणाला हार जाणार नाही, पण समुद्राच्या मासळीपुढे आपली नजर कल्ले लाल आहेत का, एवढ्यावरच थांबते. राजारामपुरीतील ज्या छोट्या दुकानातून मी दोन वर्षे मासळी घेते, तिथे मासा अख्खा हातात देतात आणि गिऱ्हाईक हो म्हटल्यावरच सुरी लावतात. दर थोडे चढे आहेत. तरीही मी तिथेच जाते, कारण माशाचा आजार पुष्कळदा त्वचेवर दिसतो आणि कातडी सोलून तुकड्या केल्या की ती खूण नाहीशी होते. पूर्वी एका दुसऱ्या दुकानातून आणलेली सुरमईची तुकडी धुताना कातडीखाली काळपट, भुसभुशीत मांस लागले होते, तेव्हापासून मी कापलेली मासळी घेणे सोडले.

गेल्या महिन्यात मालवणहून आलेल्या मालातला एक तांबोसा मालकांनी स्वतःच बाजूला काढला. “ताई, हा जाळ्याचा घासा न्हवं, जित्यापणीची जखम हाय,” ते म्हणाले, आणि ते बरोबर होते. जाळ्याच्या ओरखड्यात खवले निघतात, पण खालची कातडी फिकट राहते. इथे रुपयाएवढ्या खोलगट व्रणाभोवती लाल कड धरली होती, आणि अशी सूज जिवंत शरीरातच येते. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून तो मासा मागून घेतला आणि व्रणाचा नमुना टीसीबीएस या, व्हिब्रिओ नावाचे समुद्री जीवाणू वाढवण्याच्या खाद्य-माध्यमावर लावला. दुसऱ्या दिवशी जीवाणूंच्या पिवळ्या आणि हिरव्या, दोन्ही वसाहती (ठिपके) उठल्या. हा रंग जीवाणू साखर आंबवतो की नाही एवढेच सांगतो, जात सांगत नाही. शिवाय व्हिब्रिओ कुळातले जीवाणू निरोगी माशाच्या बुळबुळीत थरातही राहतात, त्यामुळे व्रणात सापडला तोच गुन्हेगार, असे म्हणता येत नाही. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या समुद्रातील डॅमसेल माशांच्या व्रणांतून जो जीवाणू वेगळा काढला गेला, आणि ज्याला आज फोटोबॅक्टेरियम डॅमसेली म्हणतात, तो माणसांच्या जखमांतही सापडला आहे.

म्हणूनच दुकानाची एक उणीव मला खटकते. सगळी मासळी एकाच टबातल्या पाण्यात धुतली जाते आणि तुकड्या करणाऱ्या मावशी उघड्या हाताने काम करतात. माशाचा काटा बोटात रुतणे त्यांना रोजचेच आहे, पण व्हिब्रिओ व्हल्निफिकस अशाच जखमेतून शिरतो आणि मधुमेह किंवा यकृताचा विकार असलेल्याच्या जिवावर बेततो. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जीवाणूचा नातलग ३० अंशांच्या आसपास चांगला वाढतो, त्यामुळे तो बहुधा हाताच्या थंड कातडीतच गाठी उठवतो; त्या काही आठवड्यांनी दिसतात, आणि तोवर काट्याची आठवणही राहिलेली नसते. नीट शिजवलेल्या माशात हे जीवाणू मरतात. धोका आहे तो कापणाऱ्याच्या हाताला. बर्फाने त्यांची वाढ मंदावते, पण ते मरत नाहीत.

हे सारे मी मालकांना सांगितले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. परवा गेले तेव्हा मावशींच्या हातात जाड रबरी मोजे होते. टब मात्र अजून एकच आहे.