आठ रविवार, सहाशे रुपये

बेळगावच्या शहापुरातल्या एका वाचनालयाच्या माडीवर यंदा लोकशाहीवरचा अभ्यासवर्ग भरला होता. रविवारी सकाळी दहा ते एक, आठ रविवार, फी ६०० रुपये, त्यात चहा आणि छापील टिपणं. शिकवायला एक निवृत्त प्राध्यापक आणि मदतीला वकिलीचं शिक्षण घेणारी एक मुलगी. आम्ही २१ जण होतो. मी खानापूर रस्त्यावरच्या एका गावात शिवणकाम करते. २०१५ ते २०२० या काळात ग्रामपंचायतीत सदस्य होते. ‘असल्या वर्गाला जाऊन काय मिळतंय गं?’ असं घरी, बसमध्ये, कापडाच्या दुकानात इतक्या जणांनी विचारलं की एकदा नीट लिहूनच काढते.

मी का गेले, ते आधी सांगते. माझं पहिलं मत १९९६ सालचं, लोकसभेचं. बेळगावात त्या वेळी ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीनं बघावं म्हणून आपल्या लोकांनी ढिगानं अर्ज भरले होते. त्याच निवडणुकीत तिकडे नलगोंड्यात ४८० उमेदवार होते, त्यांचा प्रश्न पाण्याचा. पुढं कायदा बदलला, लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० झाली आणि अपक्षाला सूचक दहा लागायला लागले. म्हणजे आमचं म्हणणं कानावर गेलं, पण उत्तर म्हणून दार तेवढं अरुंद झालं. त्यानंतर मी प्रत्येक निवडणुकीत मत दिलं, स्वतः निवडून आले, पाच वर्षं ठरावांवर सह्या केल्या. तरी मत दिल्यावर पुढं नेमकं काय होतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या रविवारी प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सची लोकशाही झाली. तो भाग मला जड गेला, त्याबद्दल पुढं लिहिते. दुसऱ्या रविवारी सरांनी फळ्यावर तीन कामं लिहिली: गटार, शिवारातला रस्ता, शाळेचं छप्पर. पैसे एकाच कामापुरते आहेत असं समजा आणि पहिली, दुसरी, तिसरी पसंती चिठ्ठीवर लिहून द्या, म्हणाले. गटाराला ९ जणांची पहिली पसंती, रस्त्याला ७, छपराला ५. आपल्याकडच्या रीतीनं मोजलं तर गटार निवडून आलं. मग सर म्हणाले, सगळ्यांत मागं राहिलेल्याला बाद करा आणि त्याच्या चिठ्ठ्या दुसऱ्या पसंतीला द्या. ऑस्ट्रेलियात लोकसभेसारख्या सभागृहाला असंच मोजतात. छप्पर बाद झालं; त्या पाचांतल्या चौघांची दुसरी पसंती रस्ता होती, एकाची गटार. रस्ता ११, गटार १०. चिठ्ठ्या त्याच, माणसं तीच, निकाल उलटा. शेवटी त्यांनी दोन-दोन कामांची जोडी लावून मोजायला सांगितलं. छप्पर की गटार? छपराला १२, गटाराला ९. छप्पर की रस्ता? छपराला १४, रस्त्याला ७. जे पहिल्या फेरीतच बाद झालं होतं, त्यानं दोघांनाही हरवलं, कारण गटारवाल्यांची आणि रस्तेवाल्यांची दुसरी पसंती तेच होतं.

मी वहीत काही लिहू शकले नाही. आमच्या गावात पाच वर्षं हेच झालं. वॉर्डसभेत दर वर्षी एक गल्ली गटार मागायची, शिवाराकडचे लोक रस्ता मागायचे, आणि शाळेच्या छपराचं ‘ते पण पाहिजेच की’ म्हणून राहून जायचं. सगळ्यांना ते हवं होतं, पण सगळ्यांत आधी हवं असं कुणालाच नव्हतं. हात वर करून मोजलं की छपराला चार-पाच हात. चौथीच्या वर्गात पावसाळ्यात पोरं भिंतीला चिकटून बसायची. मी त्याला लोकांची बेफिकिरी समजत होते आणि लोकांवर रागही धरला होता. दोष मोजायच्या रीतीतही असतो हे त्या दिवशी कळलं. ६०० रुपये माझ्या लेखी त्याच रविवारी वसूल झाले.

चौथा रविवार स्वित्झर्लंडचा, आणि तो मी जन्मभर विसरणार नाही. ज्युरा नावाचा डोंगराळ भाग, लोक फ्रेंच बोलणारे. १८१५ साली व्हिएन्नाच्या परिषदेत राजेलोकांनी तो बर्नला जोडला. बर्न म्हणजे जर्मन बोलणाऱ्यांचं मोठं राज्य. विसाव्या शतकात ज्युराच्या लोकांनी वेगळं राज्य मागितलं. आंदोलनं झाली, साठच्या दशकात जाळपोळही झाली. मग २३ जून १९७४ रोजी सात जिल्ह्यांनी मतदान केलं. वेगळं राज्य हवं म्हणणारे ३६,८०२, नको म्हणणारे ३४,०५७. मला वाटलं, झालं, संपलं. पण तिथं पुन्हा विचारलं गेलं. १९७५ मध्ये दक्षिणेकडच्या तीन जिल्ह्यांना विचारलं, तुम्हाला जायचंय की बर्नमध्येच राहायचंय? ते राहिले. मग हद्दीवरच्या गावांना गावागणिक विचारलं. १९७८ मध्ये सगळ्या देशानं मत देऊन नव्या राज्याला मान्यता दिली आणि १ जानेवारी १९७९ पासून ते सुरू झालं. वेलरा नावाचं एक चिमुकलं गाव १९९६ मध्ये तिकडे गेलं. मूतिए हे शहर १९७५ ला बर्नमध्ये राहिलं होतं. २०१७ ला त्यानं थोडक्या मतांनी जायचं ठरवलं, ते मतदान गैरप्रकारांमुळे रद्द झालं, २०२१ ला पुन्हा घेतलं, आणि १ जानेवारी २०२६ ला मूतिए ज्युरात गेलं.

माडीवर कुणी बोलेना. आमच्यातला प्रत्येक जण राज्यांची हद्द ठरवायचं पाटसकर सूत्र ऐकत वाढलाय. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत, लोकेच्छा. माझे वडील हे चार शब्द पाढ्यासारखे म्हणायचे. १९५६ ला भाषेवरून राज्यं आखताना आम्हाला कुणी विचारलं नाही, सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ ला आला, सर्वोच्च न्यायालयातला महाराष्ट्राचा दावा २००४ पासून आहे. आणि इथं एक देश असा, की ज्यानं आधी भागाला, मग जिल्ह्याला, मग गावाला विचारलं. माझ्या शेजारच्या वडगावच्या मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेव्हा मागच्या बाकावरचे बैलहोंगलचे अण्णा उठले. कन्नड माणूस, मराठी समजून-उमजून बोलणारा. म्हणाले, ‘सर, आमची अक्का महाराष्ट्रात जतला दिलीय. तिकडं तिची वाडी कन्नड. तिला पण असंच विचारायचं ना?’ सर म्हणाले, ‘विचारायचंच. आणि मूतिएत नको म्हणणारे ४५ टक्के होते, त्यांचं काय करायचं, हे पण विचारायचं.’ त्या दिवशी चहाची सुट्टी झाली तरी लोक खाली उतरले नाहीत. मी अण्णांशी भांडायच्या तयारीत होते, पण अर्धा तास आम्ही त्यांच्या अक्काच्या वाडीतल्या शाळेबद्दलच बोललो. हद्दीच्या दोन्ही बाजूंची माणसं एका बाकावर बसून असं बोलतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या ४५ टक्क्यांचं उत्तर पुढच्या रविवारी डेन्मार्क-जर्मनीच्या हद्दीवरच्या श्लेस्विगच्या निमित्तानं आलं. १९२० साली तिथं मतदान झालं, उत्तरेचा भाग डेन्मार्कला गेला, दक्षिणेचा जर्मनीत राहिला. अर्थातच थोडे जर्मन तिकडे उरले, थोडे डॅनिश इकडे. १९५५ मध्ये दोन्ही देशांनी जाहीर केलं की आपण कोण हे ज्याचं त्यानं सांगायचं, सरकारी माणसानं त्याची तपासणी करायची नाही. डॅनिश लोकांच्या पक्षाला तिथल्या जर्मन राज्याच्या निवडणुकीत जागा मिळायला पाच टक्के मतांची अटही लागू नाही. मग वकिलीच्या मुलीनं आपली राज्यघटना काढली. कलम ३५० क: प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकवायची सोय. ३५० ख: भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी. दोन्ही १९५६ च्या सातव्या दुरुस्तीतली. शिवाय जिथं अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त असतील तिथं महत्त्वाच्या नोटिसा आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यायचे, हे राज्यांनी मान्य केलेलं. आमच्या पंचायतीत ठरावाचं पुस्तक कन्नडमध्ये होतं. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. पाच वर्षं मी दुसऱ्याकडून वाचून घेऊन सही केली. ‘वाचून दाखवा’ म्हणायचा मला हक्क होता, पण मी ती विनंती म्हणून करत राहिले.

बाकीच्या रविवारांत चांगलं पुष्कळ होतं. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरचा चोळकाळातला शिलालेख, दहाव्या शतकातला: ताडपत्रावर नावं लिहून मडक्यात टाकायची आणि लहान मुलाकडून काढून घ्यायची. आधीच्या कामाचा हिशेब न देणाऱ्याला पुन्हा उभं राहता येत नसे, त्याच्या नातेवाइकांनाही नाही. पण जमीन असलेल्या, वेद शिकलेल्या पुरुषांपुरतंच ते होतं, हे सरांनी लपवलं नाही. स्वित्झर्लंडच्या एका छोट्या कँटनात, म्हणजे राज्यात, चौकात जमून उघड हात वर करून मत देतात, त्याचंही आम्हाला आधी कौतुक वाटलं. मग कळलं की तिथल्या पुरुषांनी एप्रिल १९९० पर्यंत बायकांना त्या चौकात येऊ दिलं नाही, शेवटी त्याच वर्षी न्यायालयानं आणलं. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. आणि १९८७ ला इथं कर्नाटकात जिल्हा परिषदेत, मंडल पंचायतीत बायकांसाठी चौथा हिस्सा राखीव ठेवून निवडणूक झालेली होती. उघड हात वर करण्याबद्दल माझं मत पक्कं आहे: ज्याच्या शेतात उद्या मजुरीला जायचंय त्याच्यासमोर हात वर करणं म्हणजे मत देणं नव्हे.

आता उणिवा. अथेन्सच्या रविवारी नुसती नावं आणि सनावळ्या झाल्या. दोघी बायका त्यानंतर येणारच नाहीत असं वाटत होतं, मी फोन करून त्यांना परत आणलं. टिपणांचा टाइप इतका बारीक की चाळिशी पार केलेल्यांना वाचवत नाही. सहावा रविवार आयत्या वेळी पुढं ढकलला आणि निरोप शहरातल्यांनाच मिळाला. मी सकाळची बस धरून आले तर माडीला कुलूप. सगळ्यांत मोठी तक्रार म्हणजे युरोपला चार रविवार आणि आफ्रिकेला पाऊण तास. बोट्स्वानात गावाच्या बैठकीत आधी सगळे बोलतात आणि प्रमुख शेवटी बोलतो, एवढं सांगून पुढं गेले. मला त्यावर अख्खा रविवार हवा होता. नेपाळ, श्रीलंका तर आलेच नाहीत, आणि भाषेवरून श्रीलंकेत काय झालं हे आपल्याला माहीत असायलाच हवं.

कुणी जावं? नव्यानं निवडून आलेल्या प्रत्येक पंचायत सदस्यानं, बाई असेल तर आधी. कॉलेजची पोरं जावीत, पण परीक्षेच्या तयारीसाठी नाही. सीमाप्रश्नावर आपलंच खरं एवढंच ऐकायचं असेल त्याला चौथा आणि पाचवा रविवार त्रासाचा जाईल. मलाही गेला, तरी मी पुन्हा जाऊन बसेन. पुढचा वर्ग दसऱ्यानंतर आहे, फी तीच राहणार म्हणतात.

गेल्या महिन्यात आमच्या वॉर्डसभेला मी चिठ्ठ्या कापून नेल्या. पीडीओ साहेबांना, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना, सांगितलं, नियमाप्रमाणं हात मोजा, पण त्याआधी एकदा सगळ्यांना तीन पसंत्या लिहू द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी मुलांनी चित्रं काढून दिली: नळी, वाट, कौलं. ६३ चिठ्ठ्या आल्या. हातांच्या मोजणीत गटार पुढं राहिलं आणि तेच पहिलं लिहिलं गेलं. चिठ्ठ्यांमध्ये छपरानं दोघांनाही मागं टाकलं होतं. ती मोजणी मी कन्नडमध्ये लिहवून घेतली, मला वाचून दाखवायला लावली, आणि ठरावाच्या पुस्तकाला जोडली.