भाड्याची बोट, आपलं वल्हं : दिवाळीपासून वळवापर्यंतचा अनुभव

पुण्याजवळ बोटिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर दोनच चित्रं येतात. एक तर काठाजवळच पेडल मारत गोल गोल फिरायचं, नाहीतर स्पीड बोटीत बसून दहा मिनिटं आरडाओरडा करून परत यायचं. तिसरा प्रकार म्हणजे बोट तास-दोन तास भाड्याने घेऊन आपल्या मनाने भटकायचं. हा प्रकार मी आणि बायकोने गेल्या दिवाळीपासून मेअखेरपर्यंत पोटभर केला. हिवाळ्यात बहुतेक वेळा पानशेत-वरसगावच्या बाजूला, उन्हाळ्यात जास्त करून पवना धरणावर. बहुतेक वेळा दोघांचा कयाक (दोन पात्यांच्या वल्ह्याने चालवायची अरुंद बोट), पाहुणे असले की पेडल बोट. सध्या पावसामुळे सगळं बंद आहे, म्हणून सवडीने लिहितोय.

आधी एक खुलासा. जाहिरातीत ‘सेल्फ ड्राइव्ह’ वाचून इंजिनच्या बोटीची किल्ली मागणारे लोक काठावर नेहमी भेटतात. ती कोणी देत नाही आणि कोणी देऊ केली तर घेऊ नका. इनलँड व्हेसल्स ॲक्ट २०२१ प्रमाणे यांत्रिक बोटीची नोंदणी लागते आणि चालवणाऱ्याकडे तसं प्रमाणपत्र लागतं. आपल्या वाट्याला येते ती हातापायांनी चालणारी बोट. मला विचाराल तर तेच बरं आहे. इंजिन बंद असल्याशिवाय खंड्याची शीळ ऐकू येत नाही.

आता मुख्य मुद्दा. जाहिरातीत ‘लेक’ लिहिलेलं असलं तरी आपल्याकडचं हे पाणी तळ्याचं नाही, धरणाचं आहे. हे एकदा डोक्यात बसलं की भाड्याने बोट घेण्याबद्दलचे निम्मे प्रश्न सुटतात. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चार धरणांच्या साठ्याचे आकडे पेपरात वाचून आपल्याला पाठ झालेले असतात: वरसगाव १२.८२ टीएमसी (अब्ज घनफूट), पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला जेमतेम १.९७. शहराचं पिण्याचं पाणी आणि कालव्याची आवर्तनं खडकवासल्यातून जातात, आणि ते छोटं धरण भरतं ठेवायला वरच्या धरणांतून पाणी सोडत राहावं लागतं. म्हणजे पानशेत-वरसगावचं पाणी दिवाळीनंतर हळूहळू उतरतच जाणार. तुम्ही नोव्हेंबरमध्ये ज्या गवताच्या काठावरून बोटीत बसलात, तो काठ एप्रिलमध्ये उतारावर कुठेतरी वर राहिलेला असतो आणि तुम्ही कयाकचं एक टोक धरून चिखलातून खाली चाललेले असता.

म्हणून ‘कोणती जागा चांगली’ यापेक्षा ‘कोणत्या महिन्यात’ हा प्रश्न आधी विचारावा. नोव्हेंबर ते जानेवारीला तोड नाही. धरणं भरलेली असतात, फुगवटा ओढ्यांच्या तोंडापर्यंत आत शिरलेला असतो आणि त्या चिंचोळ्या खाचांमध्ये कयाक घालता येतो. तिथे दोन्ही बाजूंना झाडी, पाण्यावर धुकं आणि वारा जवळजवळ नाहीच. हळदी-कुंकू बदकं तिथेच सापडतात. फक्त वल्हं बोटीच्या कडेला आपटू द्यायचं नाही, त्या आवाजाने ती लगेच उडतात. फेब्रुवारीनंतर या खाचा आटतात. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर, म्हणजे गाळात पेरलेली पिकं, दिसायला लागते आणि फिरायला उरतो तो मधला मोठा पट्टा. तो दिसायला भव्य, पण वाऱ्याला मोकळा.

खडकवासल्याबद्दल सारखं विचारलं जातं, कारण ते जवळ आहे. तिथे मी गेलो नाही आणि जाणारही नाही. रविवारी चौपाटीवर गाडी लावायलाच बोटिंगएवढा वेळ लागतो. शिवाय पलीकडचा काठ एनडीएचा, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा आहे. तिथल्या पीकॉक बेमध्ये कॅडेट शिडाच्या बोटी शिकतात. आपण बाहेरच्यांनी त्या बाजूला फिरकायचं नाही. कणीस खाऊन पुढे पानशेतला निघावं.

पवनेचं उलटं आहे. तिथे उन्हाळ्यात जायला कारण आहे. एका बाजूला तुंगचा सुळका, दुसरीकडे तिकोना, आणि पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ उघडं पडतं. वर्षातले बरेच महिने ते पाण्याखाली असतं. आम्ही एप्रिलमध्ये सकाळी कयाकमधून त्या बाजूला गेलो तेव्हा पुढचं पाणी इतकं उथळ झालं की बोटीचा तळ गाळाला घासायला लागला. खाली उतरावं म्हटलं तर पाय पोटरीपर्यंत आत गेला. मग लांबूनच दर्शन घेतलं. पाणी उतरताना तळाशी जुने बांध, दगडी भिंती, झाडांचे बुंधे असं काहीही असू शकतं, तेव्हा अनवाणी उतरू नका. मागे पट्टा असलेल्या जुन्या सँडल सगळ्यात उत्तम. चप्पल गाळात राहते, ती नंतर सापडत नाही.

महिना ठरला की वेळ. सकाळी साडेसात-आठला पाणी स्थिर असतं. अकराच्या पुढे वारा उठायला लागतो आणि उन्हाळ्यात दुपारनंतर घाटाकडून जोरात येतो. ही धरणं लांबट आहेत, दऱ्यांमध्ये पश्चिम-पूर्व पसरलेली. वारा त्या लांबीतून सरळ धावतो, त्यामुळे काठावर झुळूक वाटते तेव्हा मध्यभागी लाटा असतात. पानशेतच्या बाजूला आम्हाला नेहमी बोट देणाऱ्या मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावा. दमाल तेवढ्यात माघारी वळा, येताना तोच आणून सोडतो.” एवढ्या महिन्यांत यापेक्षा कामाचा सल्ला मला मिळालेला नाही.

हा वारा म्हणजे नुसता हात दुखण्याचा विषय नाही. मे २०२४ मध्ये उजनीच्या फुगवट्यात कळाशी-कुगाव प्रवासी बोट अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. वळवाचे ढग दिसत असतील, हवा एकदम कोंदट झाली असेल, तर पैसे भरलेले असले तरी बोट काठाला लावायची. तासाचे पैसे परत मिळत नाहीत. न मिळोत.

बोटींबद्दल. पेडल बोट लोकांना सोपी आणि सुरक्षित वाटते. शांत पाण्यात ती आहेही. पण वर ते छत असतं आणि वाऱ्यात ते छत शिडाचं काम करतं. हंसाचा आकार असेल तर मानही वारा धरते. मार्चमध्ये एका दुपारी चौघांचं एक कुटुंब आमच्यासमोर पेडल मारत होतं आणि बोट शांतपणे उलट्या दिशेला चालली होती. बाबा जोर लावून लाल झालेले, मुलगा मजेत. शेवटी काठावरून मोटरबोट गेली आणि दोरी बांधून त्यांना ओढून आणलं. दुसरी गोष्ट, दोघांचे पेडल एकाच दांड्याला जोडलेले असतात, त्यामुळे एकाने जास्त जोर लावला म्हणून बोट वळत नाही. वळते ती मधल्या दांडीने, आणि ती सुकाण्याची दांडी बोट चालत असेल तेव्हाच काम करते. थांबून नुसती दांडी फिरवत बसणारे रोज दिसतात. उंच माणसाचे गुडघे पुढे आपटतात आणि लहान मुलाचे पाय पोचत नाहीत, हे बोट घेताना कोणी सांगत नाही.

कयाक मात्र मनापासून आवडला. भाड्याने मिळतो तो बहुतेक वेळा वर बसायचा, जाड प्लास्टिकचा. बसायच्या जागेला आरपार भोकं असतात आणि त्यातून थोडं पाणी वर येतं. ‘बोट फुटली’ म्हणून ओरडू नका, आत आलेलं पाणी बाहेर जायला ती ठेवलेली असतात. बघायचं असतं ते मागच्या टोकाचं बूच. ते नीट आवळलेलं नसेल तर पाणी पोकळ पोटात भरतं आणि बोट जड होत जाते. काठावर असताना बोट हलवून बघा, आत खळखळ आवाज आला तर दुसरी मागा. एका ठिकाणी आम्ही मागितली तेव्हा पोराने तीच बोट पलटी करून अर्धी बादली पाणी काढलं आणि “आता घ्या” म्हणाला. आम्ही दुसरीच घेतली.

दोघांच्या कयाकमध्ये पुढचा माणूस ताल धरतो आणि मागचा त्याच्या तालावर वल्हवत दिशा सांभाळतो. आमच्याकडे बायको पुढे, मी मागे. सुरुवातीला वल्ह्यावर वल्हं आपटून बरीच शब्दाशब्दी झाली, आता गप्पा मारत जातो. वल्ह्याच्या पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे ठेवायची आणि नुसत्या हातांनी न ओढता कमरेतून वळायचं. तसं केलं नाही तर दुसऱ्या दिवशी स्कूटरचा ब्रेक दाबताना खांदे आठवण करून देतात. बोट उलटलीच तर ती सोडायची नाही, ती तरंगत राहते. पोहत काठ गाठायला निघायचं नाही. पोटावर आडवं पडून एका बाजूने वर चढायचं असतं, आणि हे कमरेएवढ्या पाण्यात आधी एकदा करून बघावं. जो बोटवाला हे करून बघायला लावतो त्याला दहा रुपये जास्त द्यायलाही माझी हरकत नाही, आणि मी सदाशिव पेठेत वाढलोय.

सगळ्यात कच्चा दुवा लाइफ जॅकेट. नारिंगी ढिगातून हाताला येईल ते उचलून देतात. बक्कल तुटलेलं, पट्टा गाठ मारून बसवलेला, फोम पाणी पिऊन जड झालेला, असं सगळं मी पाहिलंय. तपासायची साधी रीत आहे: जॅकेट घालून पट्टे आवळा आणि दुसऱ्याला खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर पाण्यात ते तुमच्या डोक्यावरून निघून जाणार. आत शिक्का आणि किती किलोपर्यंत चालतं ते वाचा. मुलांच्या मापाचं जॅकेट क्वचितच असतं. मोठ्यांचंच आवळून बांधतात. एका ठिकाणी माझ्या भाच्यासाठी तसं बांधायला लागले तेव्हा आम्ही तिथून सरळ मिसळ खायला गेलो. भाचा रुसला. असो.

परवानगीबद्दलही विचारावं. ही बहुतेक धरणं जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहेत आणि तिथे वाटेल त्याने वाटेल तिथून बोट लोटायची नसते. कागद बघायला मागितला की चेहरे बदलतात. ज्याच्याकडे असतो तो भिंतीवरच लावतो. बचावाची मोटरबोट चालू स्थितीत आहे का आणि काठावर तुमच्याकडे लक्ष ठेवणारा माणूस आहे का, हे दोन प्रश्न मी आता पैसे काढायच्या आधी विचारतो.

पैसे. आम्ही दोघांच्या कयाकला तासाला साधारण चारशे ते सहाशेच्या मध्ये भरले. शनिवार-रविवारी वरच्या टोकाला, मधल्या वारी घासाघीस चालते. घड्याळ जॅकेट चढवल्यापासून सुरू की बोट पाण्यात गेल्यापासून, हे आधी ठरवा. एका ठिकाणी आमची पंधरा मिनिटं बूच शोधण्यात गेली आणि तीही तासात धरली. नेटवर्क बेभरवशाचं, त्यामुळे क्यूआर कोडचा फलक असूनही रोख लागते. अनामत ठेवून घेत असतील तर बोटीवरचे आधीचे ओरखडे मोबाइलवर टिपून ठेवा.

सोयी यथातथाच. कपडे बदलायला बहुतेक ठिकाणी पत्र्याचा आडोसा, तोही असला तर. बायकांसाठी ही अडचण खरी आहे. बायको आता घरूनच लवकर वाळणारे कपडे घालून निघते आणि येताना गाडीच्या सीटवर जुनी चादर टाकतो. ऊन पाण्यावरून परत अंगावर येतं. चेहऱ्याला क्रीम सगळे लावतात, पण भाजतात ती पावलं, कारण कयाकमध्ये पाय पुढे पसरलेले असतात. खाण्याची चिंता नको, पानशेत रस्त्याला पिठलं-भाकरी मिळते आणि वल्हवून आल्यावर तिसरी भाकरीही सहज जाते.

वयस्कर मंडळी किंवा पाण्याची धास्ती असलेलं कोणी बरोबर असेल तर यात पडू नका, नावाड्यासकट मोठी बोट घ्या. ज्यांना फक्त रील करायचंय त्यांनाही तेच सांगेन. बाकीच्यांनी हिवाळ्यातला मधला वार बघून, सकाळी सहाला घर सोडून एकदा जावंच. पहिल्या वेळी अर्धाच तास घ्या आणि काठाला धरून फिरा.

पुढचा हंगाम आम्ही पाऊस ओसरल्यावर, धरणांचे विसर्ग थांबल्याच्या बातम्या आल्या की सुरू करू. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटल्याची गोष्ट घरच्यांच्या तोंडून ऐकत मोठं झालेल्या पुणेकराला पानशेतच्या पाण्याची घाई करायला कोणी सांगू नये. तोवर आम्ही दोघांसाठी स्वतःची जॅकेटं घेऊन ठेवली आहेत, नीट मापाची, शिट्टी लावलेली. मेमध्ये ती घालून गेलो आणि मामांना म्हटलं, जॅकेट आमचंच आहे, थोडं कमी करा. ते म्हणाले, “साहेब, बोटपण आणा घरून, मग फुकट जावा.”