सड्यावर लेकीचे फोटो काढून देतो म्हणणाऱ्याने आम्हाला असं फसवलं

आमची धाकटी चार वर्षांची. गणपतीच्या आधी रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, सीतेची आसवं ही रानफुलं फुलली की तिथे तिचे छान फोटो काढून घ्यायचे, एवढीच हौस होती. त्यापायी साडेबारा हजार गेले. पैशांपेक्षा वाईट झालं ते पुढे सांगते.

इन्स्टाग्रामवर एक पेज दिसलं. फुलांत बसलेली मुलं, मागे धुकं, पॅकेज सहा हजार, निम्मे आगाऊ. फोनवरचा माणूस ताई-ताई करून बोलायचा. "तेरड्याचा रंग तीन दिवस, ताई. या आठवड्यात तारीख धरली नाहीत तर फुलं गेलीच." तीन हजार पाठवले. मग जागेच्या परवानगीचे म्हणून दीड हजार. मग म्हणाला, बाळाचे चार-पाच फोटो पाठवा, कपडे आणि फुलांचा मुकुट त्याप्रमाणे तयार ठेवतो. तेही पाठवले.

तो एक वाक्य बोलला तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. "सकाळी साडेसहाला या, समुद्रातून सूर्य वर येताना पहिला फोटो घेऊ." अहो, आमच्याकडे सूर्य समुद्रात मावळतो, उगवतो सह्याद्रीच्या बाजूने! कोकणात एक दिवस कॅमेरा धरलेला माणूस असं बोलणार नाही. नंतर नमुन्याचे फोटो नीट बघितले, तर मुलं कमरेएवढ्या फुलांत उभी. सड्यावरची फुलं इतकी बुटकी की मुलाला खाली बसवून फोटो काढणाऱ्याला कातळावर पालथं पडावं लागतं. गूगल लेन्सवर टाकले तेव्हा तेच फोटो परदेशातल्या फोटोग्राफरच्या साइटवर सापडले. हे आधी केलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

ठरल्या दिवशी साडेआठपर्यंत पावसात थांबलो. परकर भिजून पोरीच्या पायांना चिकटला होता, हातात तेरड्याची फांदी तशीच. फोन बंद. संध्याकाळी मेसेज आला, गाडी घाटात बंद पडली, पैसे परत करतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका. मी टाकला, आणि आणखी आठ हजार गेले. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे आपल्याच खात्यातून जाणार.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, मी तिसऱ्या दिवशी फोन केला. तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. हा फोन त्याच घटकेला करायचा असतो, जितका लवकर तितकी समोरच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

पंधरा दिवसांनी नणंदेचा फोन आला. "वहिनी, ही आपलीच ना गं?" नवीन नावाचं पेज, नमुन्यांत आमची लेक. आमच्या अंगणातला, मीच पाठवलेला फोटो. तिचा चेहरा बघून दुसरी कुणी आई पैसे पाठवत असेल, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही. सगळ्या नातेवाइकांनी मिळून रिपोर्ट केलं, सायबर तक्रारीत ते जोडलं, तेव्हा फोटो उतरला. कपड्यांसाठी उंची आणि वय सांगितलं की पुरतं, चेहरा कशाला हवा, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

तो पुन्हा नाव बदलेल. फुलांच्या फोटोंमध्ये पिवळ्या परकर-पोलक्यातली, तुळशीवृंदावनाला हात लावून उभी मुलगी दिसली तर पैसे पाठवू नका. ती आमची आहे, आणि तो फोटो ह्यांनी घरच्या मोबाइलवर काढलेला आहे.