सोलापुरात वाजवायचं की पुण्याची गाडी धरायची?
रॉक बँड काढलेल्या सोलापूरच्या पोरांपुढे दोन वाटा. एक, इथंच गॅदरिंगला, गणपतीत वाजवायचं. स्टेज मंडळाचं, जेवण घरचं. पण तिसऱ्या गाण्याला चिठ्ठी येते, 'लेझीमचा ठेका धरा की!' दुसरी, गिटार मांडीवर घेऊन सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरायची अन् पुण्यातल्या क्लबांत वाजवायचं. मानधन तिकिटात आणि चहातच संपतं.

तरी मी पुण्याच्या बाजूचा. 1960 पासून जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या क्लबांत इंग्लंडच्या बीटल्स या रॉक बँडची पोरं रोज रात्री तासन्‌तास वाजवत. लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबात तर अडीचशेहून जास्त कार्यक्रम केले. हात तिथं बसला. 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर त्यांना ऐकायला 55,000 लोक जमले. आपल्याकडं गणपतीच्या रात्री मोजून दहा, त्यातली शेवटची डीजेची.