मुंगी-शेवगाव तहाचं ‘चांदीचं’ नाणं: माझे ३०,४३० रुपये गेले, तुम्ही सावध राहा

तीन आठवडे लाजेनं गप्प बसलो होतो. आता बोलतो, कारण तीच जाहिरात अजून फिरतेय. एकूण ३०,४३० रुपये गेले. त्यातले ४,६५० मेव्हण्याचे होते, ते मी त्याला खिशातून भरून दिले, कारण नादी मीच लावलं होतं.

आधीच सांगतो, मी या बाबतीत अडाणी नाही. बावीस वर्षं नाणी जमवतोय. नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं माझ्या कपाटात आहे, ३५ ग्रॅम वजनाचं, त्यात निम्मी चांदी. ते मी सरकारी टांकसाळीच्या वेबसाइटवरून रीतसर मागवलं होतं. म्हणजे खरी वाट मला ठाऊक होती.

तरी फसलो, कारण विषय आमच्या मातीतला होता. माझं गाव पैठण तालुक्यात, गोदावरीच्या अलीकडे. मुंगी गाव नदीपलीकडे. पालखेड वैजापूरकडे. तिथं बाजीरावानं निजामाचं पाणी आणि दाणावैरण तोडली आणि ६ मार्च १७२८ ला त्याला मुंगी-शेवगावचा तह करावा लागला. शाहू महाराजांचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क त्याला कबूल करावा लागला. एवढं सगळं आमच्या भागात घडलं, पण मराठवाड्याचा इतिहास विचारतो कोण? २०२८ ला या तहाला ३०० वर्षं होतात म्हणून ३०० रुपयांचं चांदीचं स्मारक नाणं निघतंय, आगाऊ नोंदणी सुरू आहे, असं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं आणि ऊर भरून आला. पैशाचा लोभ तेव्हा मनात नव्हता.

आता ज्या गोष्टीनं माझी झोप उडवली ती सांगतो. जाहिरातीवर घोड्यावरचा बाजीराव, वर तीन सिंह, आणि खाली ठळक अक्षरांत ‘मुंगी-शेगावचा ऐतिहासिक तह’. शेगाव! गजानन महाराजांचं शेगाव, बुलडाण्याचं! माझी नजर तिथंच अडकली होती. सरकार नाणं काढतंय आणि त्याला गावाचं नाव येत नाही, एवढा एक विचार पुरेसा होता. मी काय केलं? फोन लावून चूक दाखवली. पलीकडचा माणूस, जो स्वतःला टांकसाळीचा अधिकृत वितरक म्हणवत होता, लगेच म्हणाला, “सर, तुमच्यासारखे जाणकार आता राहिले कुठं? डिझाइन विभागाला आजच कळवतो. तुमचं नाव अभ्यासक म्हणून नोंदवून घेऊ का?” मी ‘हो’ म्हणालो. त्याच रात्री तीन नाण्यांचे १३,९५० रुपये पाठवले. पैसे घेणारं नाव टांकसाळीचं नव्हतं, कुठल्याशा मोबाइल शॉपीचं होतं. तेही दिसलं होतं.

टांकसाळ कधीच कुणाच्या खाजगी यूपीआयवर पैसे घेत नाही. स्मारक नाणं निघायच्या आधी राजपत्रात अधिसूचना निघते. ती शोधा, मिळाली नाही तर पुढं बोलूच नका.

मग कुरिअर आणि विम्याचे १,१८० गेले. आठ दिवसांनी एक नाणं आलं, ‘बाकीची दोन पुढच्या खेपेत’. त्याच दिवशी फोन. तुमच्या नाण्याचा क्रमांक १०८ आहे, पुण्याचे एक संग्राहक १,४०,००० द्यायला तयार आहेत. नोंदणीचे ५,५०० भरा. भरले. टीडीएसचे ९,८०० भरा. तेही भरले. होय, इथं लोभ झाला, नाकारत नाही. मुलीच्या कॉलेजची फी समोर होती. पण विकणाऱ्यानं आधी पैसे भरायचे असा व्यवहार कुठं असतो? रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आमच्या नावानं शुल्क, कमिशन, कर मागणारे लोक फसवे आहेत. मी ते वाचलेलं होतं.

पैसे भरल्यावर फोन बंद. फ्रिजवर मुलीनं लावलेलं मॅग्नेटचं फुलपाखरू काढून नाण्याजवळ नेलं. नाणं टक्‌कन उडून चिकटलं. चांदी चुंबकाला चिकटत नाही हो! आत लोखंड, वर मुलामा. त्यावर ‘शेगाव’ तसंच.

आणि मग ठाणं. नाव लिहीत नाही. पहिल्या दिवशी, साहेब बंदोबस्तात आहेत. दुसऱ्या दिवशी, हे सायबरचं प्रकरण, संभाजीनगरला जा. पन्नास किलोमीटर गेलो, तिथं म्हणाले, तुमच्याच ठाण्याचं पत्र आणा. परत आलो तर हवालदार म्हणतो, “एवढे शिकलेले, तुम्ही कसं काय?” गुन्हा नोंदवायचं नाव नाही, फक्त अर्ज घेतला, पोच मागितली तर तोंड वाकडं. बँकेत खातेउताऱ्यावर शिक्का हवा होता, तर शिक्केवाल्या बाई रजेवर. मॅनेजर म्हणाला, पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार? अरे, पण ज्या खात्यात पैसे गेले ते कोणीतरी उघडून दिलंय ना? त्याची कागदपत्रं कुठल्यातरी बँकेत आहेत ना? ते बघायला कुणाला वेळ नाही, मला शहाणपण शिकवायला सगळ्यांना वेळ आहे.

माझीही चूक आहे. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला मी चौथ्या दिवशी फोन केला, लाजेपायी. तुम्ही पहिल्या तासात करा, बायकोला सांगायच्याही आधी. व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. चॅट पुसू नका. मी रागाच्या भरात अर्धं पुसलं.

परवा गंगापूरच्या भाच्यानं तीच जाहिरात पाठवली, “मामा, घेऊ का?” घोडा तोच, सिंह तेच. फक्त आता खाली ‘मुंगी-शेवगाव’ असं बरोबर लिहिलेलं आहे.