मदरिस्क : फोनवरचा सल्ला उत्तम, केसांची तपासणी बेभरवशाची

बालरोगतज्ज्ञ आणि विषशास्त्रज्ञ गिडियन कोरेन यांनी १९८५मध्ये कॅनडात टोरोंटोच्या सिककिड्स रुग्णालयात सुरू केलेली मदरिस्क ही गरोदर बायकांना औषधांबद्दल सल्ला देणारी सेवा. औषध कोणतं, डोस किती, गर्भारपणाचा कितवा आठवडा, हे पाहून फोनवर सल्ला मिळे. तेच तिचं खरं बळ. धोका औषधागणिक, आठवड्यागणिक बदलतो, आणि फिट्सची गोळी घाबरून परस्पर बंद करणं कित्येकदा जास्त महागात पडतं.

मदरिस्कच्याच प्रयोगशाळेचा कारभार मात्र अक्षम्य. आईवडील अमली पदार्थ घेतात का, हे तिथे केसांवरून तपासलं जाई. २०१०पर्यंत केसांतले अमली पदार्थ शोधायला बहुतेकदा नुसती इम्युनोअसे, म्हणजे प्राथमिक चाळणी; मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रसायन नेमकं ओळखणाऱ्या चाचणीने, खातरजमा नाही. चाळणीत मिळतंजुळतं दुसरं रसायनही ‘पॉझिटिव्ह’ दिसू शकतं. आणि असे अहवाल मुलांच्या ताब्याच्या खटल्यांत पुरावा म्हणून गेले! २०१५च्या स्वतंत्र चौकशीने ही तपासणी अपुरी, अविश्वसनीय ठरवली. २०१९मध्ये हेल्पलाइनही बंद झाली.