जुन्या हत्यारांचा गंज काढायचाय? लिंबाचं फूल, व्हिनेगर, इलेक्ट्रोलिसिस की सरळ वायर ब्रश

जुन्या बाजारातून लोखंडी रंधा, दोन-चार पटाश्या, एखादा बिडाचा वाइस (वस्तू घट्ट पकडायचा शिकंजा) असं काहीतरी उचलून आणलं की पहिला प्रश्न हाच, की हा गंज काढायचा कशाने. सल्ले तर ढिगाने मिळतात, कोणी रॉकेल सांगतं कोणी कोल्ड्रिंक. रॉकेल जाम झालेले नटबोल्ट सैल करायला मस्त, पण गंज त्याने जात नाही. आणि कोलामधे फॉस्फोरिक ॲसिड असतं हे खरं असलं तरी ते इतकं कमी असतं की त्यापेक्षा पिऊन टाका. खरी निवड बाकीच्या चारात आहे आणि ती करताना गंज किती चढलाय यापेक्षा वस्तू कोणती आहे ते बघा, माझं तरी हेच मत.

वायर ब्रश ग्राइंडरला लावून घासणं सगळ्यात फास्ट. गेटचं बिजागर, कुदळ, पहार असल्या गोष्टींना चालतंय की. पण रंध्याच्या पात्यावर कंपनीचा शिक्का असेल तर तो पुसट होतो, कडा गोल होतात, आणि खड्ड्यातला गंज तसाच राहून वर नुसती चकाकी येते. शिवाय ब्रशच्या तारा सुटून उडतात, गॉगल नसेल तर हे काम करूच नका. वस्तूवर जुना रंग असेल तर अजून जपून, जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ घरात नको, लहान मुलं असतील तर नकोच नको.

व्हिनेगर आपल्याकडे किराणा दुकानात सहज मिळतं, साधारण ४ टक्के ॲसेटिक ॲसिडचं. काम करतं पण हळू, वास घरभर, आणि मोठी वस्तू बुडवायची तर बाटल्यावर बाटल्या लागतात. त्यापेक्षा लिंबाचं फूल म्हणजे सायट्रिक ॲसिड कधीही बरं. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅमच्या आसपास टाकायचं, लाकडी मूठ आधी काढून ठेवायची आणि लोखंड पूर्ण बुडेल असं प्लास्टिकच्या टबात ठेवायचं. थोड्या वेळाने बुडबुडे दिसायला लागतात, गंज मऊ पडतो. पातं बाहेर काढलं की त्यावर काळपट थर असतो, तो बघून घाबरायचं नाही, भांड्यांच्या हिरव्या घासणीने चोळला की बोटाला काळी शाई लागल्यासारखी लागते आणि खालून राखाडी स्टील आणि शिक्क्याची अक्षरं वर येतात. हा भाग मला सगळ्यात आवडतो. फक्त ॲसिड ते ॲसिडच, गंज संपला की ते चांगलं लोखंडही खायला लागतं, त्यामुळे दर तासा-दोन तासांनी बघत राहायचं, रात्रभर टाकून झोपायचं नाही.

इथेच इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे पाण्यातून वीज सोडून गंज काढणं, पुढे जातं. पाण्यात धुण्याचा सोडा, लिटरमागे एक छोटा चमचा पुरे, गाडीच्या बॅटरीचा १२ व्होल्टचा चार्जर, त्याचा निगेटिव्ह वस्तूला आणि पॉझिटिव्ह एखाद्या भंगार सळईला, दोघांनी एकमेकांना टेकायचं नाही. सळईचं लोखंड झिजतं, वस्तूचं चांगलं लोखंड सुरक्षित राहतं, म्हणून दिवसभर विसरलात तरी बिघडत नाही. बिडाचा वाइस किंवा मोठी जड वस्तू असेल तर मी दुसरा विचारच करणार नाही. पण अटी आहेत. सळईच्या जागी स्टीलचा चमचा-ताटली अजिबात लावू नका, त्यातल्या क्रोमियममुळे पाणी विषारी होतं. सोड्याऐवजी मीठ घातलं तर क्लोरीन निघू शकतो. हायड्रोजन निघतोच, म्हणून गॅलरीत किंवा अंगणात करा आणि चार्जर बंद केल्याशिवाय क्लिप हलवू नका. ॲल्युमिनियमचा पार्ट आत गेला तर सोड्यानेच खाल्ला जातो. जुना रंग बराचसा सुटून येतो, म्हणजे मूळ रंग टिकवायचा असेल तर हा रस्ता नाही. आणि हो, नवे ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरी दिसली नाही तर बरेचदा करंटच सोडत नाहीत, विकत घेण्याआधी हे विचारून घ्या.

तर पटाशी, रंध्याचं पातं, नटबोल्टचे पाने असल्या छोट्या वस्तूंना लिंबाचं फूल, घरी चार्जर असेल आणि वस्तू मोठी असेल तर इलेक्ट्रोलिसिस. स्प्रिंग आणि कडक पाणी दिलेलं, म्हणजे तापवून कडक केलेलं, पातळ स्टील मात्र दोन्हीत जास्त वेळ ठेवू नका, हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होऊ शकतं, त्यांना घासपेपर आणि तेल घेऊन हातानेच घासलेलं बरं. खड्डे मात्र कशानेच भरत नाहीत, पात्याच्या धारेजवळ खोल खड्डे असतील तर ते पातं घेऊच नका, कितीही स्वस्त देत असला तरी.

बाहेर काढल्यावरची घाई सगळ्यात महत्त्वाची. ॲसिडमधून काढलेलं लोखंड खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, धुऊन, लगेच हेअर ड्रायरने सुकवा, नाहीतर डोळ्यासमोर पिवळसर गंज परत धरतो, पावसाळ्यात मुंबई-कोकणात तर बघायलाच नको. मग शिलाई मशीनचं तेल कपड्यावर घेऊन पुसायचं. स्वयंपाकाचं गोडेतेल लावू नका, ते महिनाभरात चिकट होतं आणि वर लाकडाचा भुसा बसतो.